मुंबईत स्पीच थेरपिस्ट म्हणून उभं राहताना: प्रवेशापासून पहिल्या स्वतंत्र केसपर्यंत

बारावीनंतर या क्षेत्राचा विचार करणारे, इंटर्नशिपच्या वर्षात असलेले आणि नुकतीच पदवी घेऊन क्लिनिकमध्ये बसू लागलेले, अशा तिघांसाठी हा लेख आहे. मी मुंबईत लहान मुलांबरोबर आणि पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या मोठ्या माणसांबरोबर काम करते. या कामात एक गोष्ट मला दिवसेंदिवस जास्त पटत गेली आहे. पेशंटच्या घरात बोलली जाणारी भाषा हे आपलं सगळ्यात मोठं साधन आहे आणि महाविद्यालयात नेमकं तेच सगळ्यात कमी शिकवलं जातं. पुस्तकं इंग्रजीत, बहुतेक चाचण्या इंग्रजीतून आलेल्या, आणि समोरचं मूल घरी मराठी, खाली खेळताना हिंदी, शाळेत इंग्रजी बोलणारं. हे अंतर स्वतःच्या कष्टाने भरून काढावं लागतं. ते कसं, यावर मी जास्त लिहिणार आहे. बाकीचं थोडक्यात.

प्रवेश आणि नोंदणी

पदवीचं नाव बीएएसएलपी. अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. श्रवणशास्त्र आणि वाचा-भाषा उपचार हे दोन्ही विषय पदवीला एकत्र असतात. वेगळी वाट पुढे दोन वर्षांच्या एमएस्सीला निवडता येते. बारावीला विज्ञान शाखा हवी आणि जीवशास्त्र सोडू नका, म्हणजे कुठलंच दार बंद होत नाही. मुंबईत दोन जुनी ठिकाणं आहेत. एक, मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय आणि त्याला जोडलेलं टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालय. दुसरं, वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, जी 1983 साली सुरू झाली. प्रवेशाची पद्धत संस्थेगणिक वेगळी असते आणि बदलते, म्हणून सीनियरच्या आठवणीवर विसंबू नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा.

पदवी हातात आली म्हणजे काम सुरू करता येतं, असं नाही. भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी झाल्याशिवाय स्वतंत्रपणे उपचार करणं 1992 च्या कायद्यात बसत नाही. नोंदणी क्रमांक आला की तो प्रत्येक अहवालावर, सहीखाली लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. एक वर्षाचा डीएचएलएस, म्हणजे श्रवण, भाषा आणि वाचा यांचा, डिप्लोमाही असतो. तो चांगला आहे, पण त्यावर स्वतःचं क्लिनिक उघडून निदान करता येत नाही. हे प्रवेश घेण्याआधीच माहीत असावं, कारण हे उशिरा कळल्यामुळे हिरमुसलेली मुलं मी पाहिली आहेत.

इंटर्नशिपच्या वर्षात काय गोळा करायचं

इंटर्न मुलं बहुधा लहान मुलांच्या खोलीत रमतात. खेळणी असतात, मुलं गोड असतात, वेळ जातो. पण पालिकेच्या मोठ्या रुग्णालयातली ओपीडी जे दाखवते ते पुढे खासगी क्लिनिकमध्ये वर्षानुवर्षं दिसत नाही. टाळूची शस्त्रक्रिया झालेलं बाळ, स्वरयंत्र काढलेला माणूस, डोक्याला मार लागून महिनाभर वॉर्डात असलेला तरुण. या केसेस मागून घ्या. न्यूरॉलॉजीच्या राउंडला मागे उभं राहू द्या म्हणून विचारा. कान-नाक-घसा विभागात दुर्बिणीतून स्वरतंतू हलताना पाहा. गिळण्याच्या तपासण्या, म्हणजे व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचं एक्स-रे चित्रण) आणि नाकातून दुर्बीण घालून केली जाणारी फीस, जिथे होत असतील तिथे जाऊन बसा.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक केसमध्ये पेशंट कुठल्या गावाकडचा, घरी कोणती बोली, कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलतं, हे लिहा. निदान तर फाइलमध्ये असतंच.

केस समोर आली: आधी कान

मूल बोलत नाही म्हणून आई घेऊन आली की पहिला प्रश्न ऐकण्याचा. घरचे हमखास सांगतात, "ऐकू येतं हो, ताट पडलं की वळतो, टीव्ही लागला की धावत येतो." ताटाचा आवाज मोठा असतो. स, श, त, क हे ध्वनी बारीक असतात आणि काही मुलांना मोठे आवाज येतात पण हे येत नाहीत. म्हणून ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या तपासण्या (एक आतल्या कानाची, दुसरी कानापासून मेंदूपर्यंतच्या वाटेची) झालेल्या नसतील तर आधी त्या करून घ्या. मुलाचं वय, सर्दीचा त्रास, कानातून पाणी येणं, जन्मानंतर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहणं, मोठी कावीळ, हे सगळं विचारा. जगभरात मान्य असलेला संकेत असा: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. आपल्याकडे येणारं मूल बहुधा दोन-अडीच वर्षांचं असतं. म्हणजे घालवायला आणखी एक महिनाही नसतो.

"याचा बापही उशिरा बोलला" हे आजीचं वाक्य उडवून लावू नका, नोंदवा. घराण्यात उशिरा बोलण्याचा इतिहास ही खरी माहिती आहे. फक्त तेवढ्यावर थांबून राहायचं नाही, हे आजीला मान देऊन सांगायचं. वेखंड चाटवणं, जिभेखालची दोरी कापून घेणं, मध लावणं, हेही कानावर येईल. दोरीमुळे मूल बोलायचंच थांबत नाही, एवढं ठाम सांगा. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते, हे तर न चुकता सांगा.

मराठी बोलण्याचा नमुना घ्यायला शिका

आता मुख्य भाग. इंग्रजी चाचणीचं मराठी भाषांतर करून गुण काढले तर आकडा मिळतो, मूल कळत नाही. त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला, बोलण्याचा नमुना घ्या. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर भातुकली किंवा दुकान-दुकान मांडा, मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा आणि कमी बोला. निदान 50 उद्गार, म्हणजे मुलाने एका दमात म्हटलेले शब्द किंवा वाक्यं, मिळाले पाहिजेत. मग ते जसेच्या तसे उतरवा, सुधारून नव्हे. उतरवायला वेळ लागतो, तो द्या. त्याला दुसरी वाट नाही.

उतरवल्यावर काय पाहायचं? सगळ्यात आधी सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं बदललेलं रूप. मूल "टेबल वर" म्हणतं की "टेबलावर", "घोडाला" म्हणतं की "घोड्याला". लहान वयात "घोडाला" येणं स्वाभाविक आहे, उलट त्याने प्रत्यय ओळखला असल्याची ती खूण आहे. पण पाच वर्षांच्या मुलाच्या बोलण्यात प्रत्ययच नसेल, नुसतं "आजी डबा पोळी" येत असेल, तर ती वेगळी गोष्ट.

मग भूतकाळ. "मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं." इथे क्रियापद कर्माच्या मागे जातं, आणि मराठीला लिंगं तीन. इंग्रजीतून आलेल्या कुठल्याही चाचणीत हे तपासलंच जात नाही. मूल सगळ्याला "खाल्लं" म्हणत असेल तर वहीत खूण करा आणि मग लगेच दुसरा प्रश्न विचारा: घरी आई काय म्हणते? आई गुजराती असेल, बाबा मराठी, सांभाळणारी मावशी बिहारची, तर मुलाला मराठी लिंगांचा अनुभवच तोकडा असेल. तो आजार नाही.

बोलीबाबत तर फार सावध राहा. वसई, उरण, वरळीकडच्या आगरी-कोळी घरात "पानी" आणि "डोला" असंच बोललं जातं. खानदेशातून आलेल्या घरात "डोया". असं मूल ण आणि ळ चुकतं म्हणून उच्चारदोषाचा शिक्का मारला, तर तुम्ही त्याच्या आजीच्या तोंडची भाषा दोष म्हणून फाइलमध्ये लिहिली. माझा नियम साधा आहे: मुलाआधी आईचं किंवा आजीचं दोन मिनिटं बोलणं रेकॉर्ड करायचं. मुलाची तुलना त्याच्याशी.

शब्दसंख्या मोजतानाही हेच. दोन वर्षांच्या आसपास साधारण 50 शब्द आणि "आई दे", "बाबा गेले" अशा दोन शब्दांच्या जोड्या अपेक्षित असतात. मुंबईच्या मुलाचे शब्द सगळ्या भाषांतले मिळून मोजा. "पाणी", "शूज", "चलो", "बॉल" हे चारही त्याचे आहेत. एकाच भाषेतले मोजले तर चांगलं चाललेलं मूलही मागे पडलेलं दिसेल.

"आम्ही घरी मराठी बंद करू का?"

हा प्रश्न तुम्हाला जवळजवळ रोज येईल. कोणीतरी, बहुधा शाळेतून, सांगितलेलं असतं की मूल गोंधळतं, घरी फक्त इंग्रजी बोला. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलू लागतं याला आधार नाही, आणि भाषेची अडचण असलेल्या मुलांनाही दोन भाषा झेपतात. पण नुसतं एवढं सांगून भागत नाही. त्या घरात काय झालंय ते पाहा. आईचं इंग्रजी बेताचं असतं, म्हणून ती मुलाशी फक्त हुकमात बोलू लागते: "कम, सिट, ईट, नो." आजीला इंग्रजी येत नाही, म्हणून आजी गप्प. जी बाई दिवसाचे आठ तास मुलाजवळ असते, गोष्टी सांगू शकते, चिऊ-काऊचे घास भरवते, तीच गप्प झाली. मुलाच्या कानावर पडणारी भाषा एकदम आटते.

म्हणून मी आईला विचारते, "रागावलात की कोणत्या भाषेत रागावता? लाडात आलात की?" जी भाषा तिथे येते तीच मुलाशी बोलायची. शाळेला पत्र लिहावं लागलं तर लिहा, मराठीत किंवा इंग्रजीत, स्वतःच्या सहीने.

ध्येय असं लिहा की मोजता येईल

"संवाद सुधारणे" हे ध्येय नव्हे. "खेळताना हवी ती वस्तू मागण्यासाठी 10 पैकी 8 वेळा 'दे' म्हणेल किंवा हात पुढे करेल, आईसोबत, घरी" असं लिहा. कोणासोबत आणि कुठे हे शब्द गाळू नका. तुमच्या खोलीत बोलणारं आणि घरी गप्प राहणारं मूल म्हणजे अर्धवट झालेलं काम.

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, मुलांच्या बाबतीत ध्येय लिहिण्याआधी ऐका. लोकलमधली घोषणा पाठ असलेली कितीतरी मुलं येतात. एखादं मूल दारापाशी जाऊन "पुढील स्टेशन दादर" म्हणत राहतं आणि घरचे म्हणतात, उगाच बडबडतो. तो दारापाशीच का म्हणतो? चप्पल घालताना का म्हणतो? त्याच्या लेखी त्या वाक्याचा अर्थ "मला बाहेर ने" असा आहे. हे वाक्य थांबवायचं नसतं. त्याला उत्तर द्यायचं: "बाहेर जायचं. चल, बाहेर जाऊ." मग हळूहळू तो "बाहेर जाऊ" उचलतो.

बोलणं येतच नसेल तर चित्रांची किंवा टॅबलेटवरची मदत लवकर आणा. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात तयार झालेलं जेलो हे ॲप मराठीतही चालतं. चित्रं दिली तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती पालकांना असते. संशोधनात तसं आढळलेलं नाही, हे त्यांना शांतपणे आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

उच्चारांचं काम: शब्दांच्या जोड्या स्वतः बनवा

क च्या जागी त, ट च्या जागी त, र च्या जागी ल, हे नेहमीचे बदल. इंग्रजी पत्त्यांचा संच घेऊन बसू नका. मराठीत एका ध्वनीने अर्थ बदलणाऱ्या जोड्या हाताशी आहेत: टाक आणि ताक, काप आणि ताप, रस आणि लस, राज आणि लाज. वाटीत ताक ठेवा, बाजूला चेंडू. मूल "ताक" म्हणालं की ताक द्या, त्याला चेंडू टाकायचा होता तरी. त्याचं त्यालाच कळतं की आपण म्हटलं एक आणि झालं दुसरं. एवढं कळणं जीभ वळवण्याच्या दहा व्यायामांपेक्षा जास्त काम करतं.

पुढचा क्रम ठरलेला आहे: एकटा ध्वनी, अक्षर, शब्दाच्या सुरुवातीला, शेवटी, मधे, मग छोटं वाक्य, मग गोष्ट, मग गप्पा. बहुतेक जण शब्दांपर्यंत येऊन खूश होतात. गप्पांपर्यंत न्या. आणि च-ज चे दोन उच्चार विसरू नका. "चाक" मधला च आणि "चिमणी" मधला च वेगळे आहेत, एकाच यादीत घातले तर मुलाला तुम्हीच गोंधळात टाकाल.

फाटलेल्या टाळूच्या केसमध्ये आवाज नाकातून येतो का हे ऐकायला दोन वाक्यं पाठ ठेवा. "काका पाट पुढे सरका" यात एकही अनुनासिक, म्हणजे न, म सारखा नाकातला ध्वनी, नाही. "नाना माझ्या मामाला नमस्कार म्हण" यात ते खच्चून भरलेत. पहिलं वाक्य म्हणताना नाकाखाली छोटा आरसा धरा. आरशावर वाफ आली, तर हवा नाकातून निसटते आहे.

मोठी माणसं

पक्षाघातानंतर वाचा गेलेला माणूस घरी आला की कुटुंबाला एक गोष्ट फार छळते. आजोबा आरती पूर्ण म्हणतात, बेचे पाढे म्हणतात, आठवड्याचे वार म्हणतात, आणि पाणी मात्र मागत नाहीत. "मुद्दाम करतात," असा समज होतो, चिडचिड होते. पाठ झालेलं बोलणं आणि मनातलं शब्दांत आणणं या मेंदूच्या वेगळ्या वाटा आहेत, हे पहिल्याच भेटीत सांगा. आजोबांसमोर सांगा, कारण त्यांना बहुधा बोललेलं बरंच कळत असतं. ज्यांना समजण्यातच अडचण आहे आणि जे भराभर निरर्थक शब्द बोलतात, त्यांच्या घरी तर "डोक्यावर परिणाम झाला" असंच मानतात. तो गैरसमज दूर करणं हाच तिथला पहिला उपचार.

गिळण्याचं काम पुरेसं प्रशिक्षण झाल्याशिवाय एकट्याने करू नका. काहींच्या श्वासनलिकेत पाणी जातं तेव्हा ठसकाही लागत नाही. आयडीडीएसआय ही द्रव आणि अन्न किती घट्ट हे 0 ते 7 पातळ्यांत सांगणारी आंतरराष्ट्रीय पद्धत शिका, ती स्वयंपाकघरात वापरता येते. 10 मिलीच्या सिरिंजमधून द्रव 10 सेकंद वाहू द्यायचा आणि किती उरला ते पाहायचं. 1 मिलीपेक्षा कमी उरला तर तो पाण्यासारखा पातळ, म्हणजे पातळी 0, 4 ते 8 मिली उरला तर पातळी 2. मग आपल्या पदार्थांकडे या नजरेने पाहा. पेज हलकी म्हणून घरोघरी देतात, पण तिच्यात पातळ पाणी आणि शितं असे दोन प्रकार एकत्र असतात, आणि असं मिश्रण अशा पेशंटला सगळ्यात अवघड जातं. चहात बुडवलेलं बिस्किटही तसंच. साबुदाणा चिकटतो, पोहे सुटे होऊन घशात पसरतात. पेज मिक्सरमधून काढून एकजीव करून द्या, असं सांगितलं की घरच्यांना लगेच कळतं. डाएट शीटवरचं "प्युरी" त्यांना कळत नाही.

आवाजाच्या केसेस मुंबईत शिक्षिकांच्या भरपूर येतात. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर थेरपीआधी स्वरयंत्राची दुर्बिणीतून तपासणी, याला अपवाद करू नका.

घरभेटी, वेळ आणि पैसा

घरभेटी घेणार असाल तर दिवस रेल्वे लाइनप्रमाणे वाटून घ्या. सोमवारी ठाणे-डोंबिवली, मंगळवारी अंधेरी-बोरिवली. एकाच दिवशी हार्बरवरून वेस्टर्नला उडी मारायला गेलात तर शेवटच्या मुलाला तुमचा थकवाच मिळतो. फी ठरवताना प्रवासाचा वेळ धरा, आणि रद्द झालेल्या सत्राचा नियम पहिल्याच दिवशी कागदावर द्या. मागाहून सांगितलं की संबंध बिघडतात. परवडत नाही असं कोणी सांगितलं तर त्यांना पालिकेच्या रुग्णालयाचा किंवा वांद्र्याच्या संस्थेचा रस्ता दाखवा, नुसतं "नंतर बघू" म्हणून टांगून ठेवू नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये वाचा आणि भाषेचं अपंगत्वही येतं. प्रमाणपत्र कधी आणि कशासाठी काढायचं, हे पालकांना समजावून सांगता आलं पाहिजे.

खेळण्यांची बॅग नेऊ नका. तुमच्याबरोबर आलेलं खेळणं तुमच्याबरोबर परत जातं आणि सरावही जातो. त्या घरातले डबे, वाट्या, उशा, आजीने निवडायला घेतलेली मेथी, एवढ्यावर काम करा. वन रूम किचनमध्ये टीव्ही, अभ्यास, स्वयंपाक एकत्र चालतो. तिथे "रोज अर्धा तास शांत जागी बसून सराव" सांगणं निरुपयोगी आहे. आंघोळ, डबा भरणं, जिना उतरणं, अशा तीन वेळा निवडा आणि प्रत्येकीला दोन वाक्यं ठरवून द्या. आईला "हे काय? हे काय?" विचारणं थांबवून "बघ, शेंग सोलली. दाणा पडला" असं बोलायला शिकवा, तुम्ही गप्प बसा आणि तिला करू द्या.

मूल कधी बोलेल, याची तारीख कोणालाही देऊ नका. तीन महिन्यांनी काय पाहणार आहोत, एवढं सांगा आणि त्या दिवशी खरोखर पाहा.

शिकत राहणं आणि थांबवणं

नोंदणीचं नूतनीकरण सीआरईच्या, म्हणजे पदवीनंतरच्या सततच्या प्रशिक्षणाच्या, गुणांवर होतं, त्यामुळे कार्यशाळा कराव्याच लागतात. पण महागड्या प्रमाणपत्रांच्या मागे लागण्याआधी पहिली दोन वर्षं एखाद्या अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काढा. महिन्यातून एकदा स्वतःच्या सत्राचं चित्रण, पालकांची लेखी परवानगी घेऊन, तिला दाखवा. मराठीत काम करणाऱ्या चार-पाच जणींचा गट करा आणि शब्दयाद्या, गोष्टी, उतरवलेले नमुने एकमेकींना द्या. मुलांची नावं काढून.

केस बंद करण्याचा निर्णयही शिकावा लागतो. ध्येयं पूर्ण झाली, किंवा तीन-चार महिने काहीच हललं नाही आणि दुसऱ्या तज्ज्ञाची गरज आहे, तर पालकांना समोर बसवून सांगा. एका पानाचा समारोप अहवाल मराठीत द्या: काय होतं, काय झालं, घरी काय चालू ठेवायचं, कोणती लक्षणं दिसली तर परत यायचं. शाळा इंग्रजी माध्यमाची असेल तर त्याची इंग्रजी प्रत वेगळी द्या, आणि सहा महिन्यांनी एक फोन करायची तारीख तिथेच डायरीत लिहून ठेवा.